अर्धं आटवलेलं पाणी

माझ्या पाळणाघरातलं मूल कधी पोट बिघडून घरी गेलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगायचे आणि सांगताना मान जरा वरच असायची. पलीकडच्या गल्लीत एक नवं पाळणाघर निघालेलं, रंगीत भिंती, कॅमेरे, इंग्रजी गाणी. पावसाळा लागला की तिथली पोरं जुलाबाने आडवी व्हायची आणि त्यांच्या आया माझ्या दारात उभ्या. मी म्हणायचे, "कॅमेऱ्याने पाणी शुद्ध होत नाही गं बाई. त्याला गॅस जाळावा लागतो."

मी मंदाकिनी. मुलं काकू म्हणतात, त्यांच्या आयाही काकूच म्हणतात. डोंबिवलीहून शीळफाट्याला जाणारा रस्ता आहे ना, त्याच्या आतल्या अंगाला आमची चार मजली बिल्डिंग. तळमजल्यावर मी एकटी, आणि सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत माझी पोरं. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. तोंडाने मी फटकळ आहे हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. पण मुलांच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. दाखवायला जागाच ठेवली नव्हती मी.

बिल्डिंगला नळाचं पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढी धार. म्हणून फार पूर्वीच सगळ्यांनी मिळून बोअर मारलेली. टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं. बिल्डिंगच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे कारखाने. कधी सडक्या कोबीसारखा वास यायचा, कधी नेलपॉलिशसारखा. वास आला की खिडक्या लावायच्या, एवढं आम्हाला ठाऊक. पाण्याला ना वास, ना रंग. काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडचं कॅलेंडर वाचता यायचं.

ते पाणी मी नुसतं उकळायचे नाही, आटवायचे. ही माझ्या सासूबाईंची, हौसाबाईंची शिकवण. संगमेश्वरकडच्या त्या, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण सहा मुलं झाली आणि सहाही जगली. त्या म्हणायच्या, "उकळलेलं पाणी मोठ्यांना. लहानग्यांना आटवलेलं. निम्मं आटलं की पाणी हलकं होतं, पोटाला लागत नाही." आणि आजारी मुलाला पाव. म्हणजे चार तांबे ठेवायचे आणि एक राहिला की उतरवायचं. माझ्या मोठ्या पातेल्याला मी आतून चाकूने दोन खुणा केलेल्या, एक निम्म्याची, एक पावाची. पहाटे साडेपाचला गॅसवर चढलेलं पाणी निम्मं व्हायला दीड तास, पावाला त्याहून जास्त. कडेने पांढरा थर धरायचा, तो मी लिंबाच्या सालीने घासून काढायचे. त्याच पाण्यात पावडरचं दूध, त्यातच पेज, त्यातच डाळ शिजायची. पोरं त्याला 'काकूचं पाणी' म्हणायची.

पावाचं पाणी सगळ्यात जास्त कुणी प्यायलं असेल तर प्रेमने.

प्रेम तिसऱ्या मजल्यावरच्या सुदेश आणि शिवानीचा. सातव्या महिन्यात जन्मलेला. माझ्याकडे आला तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि वजन पाच किलोसुद्धा नव्हतं. शिवानी कल्याणला एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. सुदेश ठाण्याला, वर्तकनगरच्या बाजूला एका गाळ्यात प्लेटिंगच्या कामावर आहे, म्हणजे नळांना, कड्या-कोयंड्यांना क्रोमचा मुलामा चढवायचा. शिवानीने पोराला माझ्या मांडीवर ठेवलं आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडतेस काय? वर्षभरात हा तुला दमवतो की नाही बघ." तेव्हापासून प्रेमला पाव. सर्दी झाली, पाव. ताप आला, पाव. दर महिन्याला त्याला काहीतरी व्हायचंच, त्यामुळे निम्म्यावर तो कधी आलाच नाही. लस टोचलेली असून गोवर झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. पण पोर जगलं. आता पहिलीत आहे, शाळा सुटली की माझ्याकडेच येतो. माझ्या सगळ्या पोरांत तो माझा सगळ्यात लाडका, हे मी बाकीच्यांना कळू देत नाही.

यंदा फेब्रुवारीत बिल्डिंगमध्ये क्षिप्रा नावाची एक मुलगी आली. ठाण्याची, तिशीतली, बोलायला गोड. सोबत दोन नर्स. कुठल्याशा संस्थेतर्फे आजूबाजूच्या वीस बिल्डिंगांतल्या मुलांचं रक्त तपासायचं होतं आणि पाण्याचे नमुने न्यायचे होते. काही रसायनं म्हणे अशी असतात की ती नासत नाहीत, कुजत नाहीत, अंगात गेली की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतात. ती इथल्या पाण्यात आहेत का, पोरांच्या अंगात आहेत का, ते बघायचं. प्रेम धरून माझ्याकडच्या सातही मुलांचं रक्त घेतलं. फॉर्म भरताना तिने विचारलं, "पिण्याचं पाणी कसं देता? फिल्टर करून, उकळून, की तसंच?"

"उकळून!" मी म्हटलं. "तसंच देईन का मी?"

तिने 'उकळून'वर टिक केली. तिच्या कागदावर तीनच चौकोन होते. 'आटवून' असा चौथा नव्हता, आणि मला तरी कुठे ठाऊक होतं की तो असायला हवा होता.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी रक्ताचे रिपोर्ट आले. शिवानी तो कागद घेऊन माझ्याकडे आली ती चप्पल काढायचीही विसरली. सगळ्याच मुलांच्या रक्तात ते सापडलेलं, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. प्रेमच्या रक्तात इतरांच्या चौपट. क्षिप्राने त्यांच्या घरी जाऊन दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. यकृत, थायरॉइड, लस नीट न लागणं, सगळ्यावर लक्ष ठेवावं लागेल. औषध नाही. अंगात आहे ते निम्मं व्हायलाच तीन-चार वर्षं जातील. आणि मग तिने विचारलं होतं, प्रेमचे बाबा कुठे कामाला आहेत?

"प्लेटिंगच्या टाकीत धूर दाबायला एक औषध टाकतात," शिवानी म्हणाली. "त्यात हेच असतं म्हणे. मॅडम म्हणाल्या, कपड्यांवरून, हातांवरून घरी येत असेल. पाण्याचा रिपोर्ट यायला अजून महिना आहे. पण पाणी तर सगळ्या बिल्डिंगचं एकच ना, काकू? मग माझ्याच पोराचं चौपट का?"

"मग काय, उघडच आहे," मी म्हटलं. मी म्हटलं! आणि वर अक्कल पाजळली, "नवऱ्याला सांग, आंघोळ तिकडेच करून ये. आणि तू घाबरून जाऊ नकोस. आता घरीपण पाणी पावच करत जा, मी करते तसं. सकाळ-संध्याकाळ, नेमाने. पोराच्या अंगात ताकद येईल."

तिने मान हलवली. माझा शब्द त्या पोरीने कधी खाली पडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी क्षिप्रा माझ्याकडे आली. लहान पोरं सतरंजीवर झोपलेली, पंखा चालू. माझ्याकडच्या सातही मुलांचं प्रमाण, प्रेमइतकं नाही तरी, शेजारपाजारच्या मुलांपेक्षा जास्त येत होतं आणि ते तिला खटकत होतं. तिने माझे तवे पाहिले. बिडाचे. डबे पाहिले. स्टीलचे. खेळणी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"नॉनस्टिक काहीच नाही?"

"माझ्या घरात? त्या काळ्या तव्याला मी हातसुद्धा लावत नाही."

"आणि पाणी उकळता, म्हणालात." ती हसली. "तुमच्या सेक्रेटरींनीपण ग्रुपवर टाकलंय, सर्वांनी पाणी उकळून प्यावे. त्याचा काही उपयोग नाही हो, काकू. उकळून जंतू मरतात, ही रसायनं मरत नाहीत. पाणी वाफ होऊन जातं आणि ही तिथेच राहतात. उलट जितकं पाणी कमी, तितकी ती दाट. मी सेक्रेटरींना म्हटलं तसं लिहा, तर म्हणतात, पाण्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत एक अक्षर नाही, लोक फ्लॅट विकायला काढतील."

मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होते. माझ्या मागे ओट्यावर ते पातेलं पालथं घातलेलं होतं.

"अर्थात पाच-दहा मिनिटं उकळलं तर फार फरक पडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही किती वेळ उकळता?"

दीड तास. शब्द माझ्या जिभेवर होता. आयुष्यात जिभेला कधी लगाम घातला नाही मी. सासऱ्यांना बोलले, नगरसेवकाला बोलले, डॉक्टरलासुद्धा सोडलं नाही.

"पाचच मिनिटं," मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं, पाणी प्यायली आणि गेली.

गणितात मी शाळेत कच्चीच होते. पण चार तांब्यांचा एक तांबा झाला की आतलं चौपट होतं, हे कळायला शाळा लागत नाही. सुदेशच्या हातांवरून नाही आणि कपड्यांवरून नाही. माझ्या चमच्याने गेलं ते. जे मूल जास्त आजारी, त्याला मी जास्त पाजलं. एक घोट काकूसाठी, एक घोट बाबासाठी, असं म्हणत म्हणत, नाक दाबून पाजलं.

त्या संध्याकाळी मी वीस-वीस लिटरचे दोन जार मागवले आणि पातेलं माळ्यावर टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. क्षिप्राला फोन करायचा म्हणून तिचं कार्ड तीनदा हातात घेतलं आणि तीनदा देवाच्या फोटोमागे सरकवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती अशी आवळून धरली की माझीच नखं तळव्यात रुतली. भीती कशाची होती? पाळणाघर बंद पडेल याची नव्हे. लोक काय म्हणतील याची तर मी कधीच पर्वा केली नाही. 'काकूंनी केलं' हे तीन मजले चढून शिवानीच्या कानावर जाईल आणि ती माझ्याकडे एकदा बघेल, त्या बघण्याची भीती होती.

गुरुवारी सकाळी पोरांना जारचं पाणी दिलं. तीन वर्षांच्या एका पोरीने एक घोट घेतला आणि भांडं माझ्या हातात परत दिलं.

"हे नाही. काकूचं पाणी."

"हे काकूचंच आहे गं."

"नाही. काकूचं पाहिजे."

दुसऱ्यानेही भांडं बाजूला ठेवलं. मग तिसऱ्याने. पोरं ती, एकाने नाही म्हटलं की सगळी नाही म्हणतात. पण मला ते साधं वाटेना. मी साखर घातली, सरबत केलं, ओरडले, शेवटी हात जोडले. ती पोरगी चार दिवस रुसून बसली. दुपारी रडत रडत तहानेलीच झोपायची आणि झोपेत ओठ चोखायची. मी तिच्या उशाशी बसून तिला वारा घालायचे आणि मनात म्हणायचे, मागू नकोस गं बाळा, ते मागू नकोस.

आणि तो आवाज. पातेलं माळ्यावर, गॅसचा नॉब बंद, मी स्वतः दहादा बघायचे, तरी पहाटे बरोबर साडेपाचला मला बुडबुड ऐकू यायची. आधी बारीक, मग खदखद, मग पाणी कमी झालं की होतो तो जाड, दबका आवाज. मी उशी कानावर घ्यायचे. उठून ओट्याला हात लावला की तो गार असायचा.

भिंतीवर बावीस फोटो आहेत, दर दसऱ्याला काढलेले. सगळ्या फोटोंत पोरांच्या हातात स्टीलची भांडी, कारण मीच फोटोवाल्याच्या शेजारी उभी राहून ओरडायचे, भांडी वर करा रे! आता दुपारी पोरं झोपली की मी एकेका फोटोसमोर उभी राहायचे. केदारला बाराव्या वर्षी थायरॉइडची गोळी सुरू झाली. एकीला लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नाही, तिची आई भाजी घेताना भेटली तेव्हा म्हणाली होती. सूरजला काहीच नाही, तो पोलीस भरतीत धावून पहिला आला. यातलं माझ्या पाण्याने काय झालं आणि काय असंच नशिबाने झालं? क्षिप्राला विचारलं असतं तरी एकेका पोराचं बोट धरून तिला ते सांगता आलं नसतं. कुणालाच येणार नाही. मी मरेपर्यंत मला कळणार नाही, आणि ती सगळी भांडी वर धरून माझ्याकडे बघत राहणार.

खरं सांगते, हे सगळं मी सहन केलं असतं. सुदेशला बघणं सहन होईना.

पूर्वी तो साडेसातला कामावरून यायचा, दारातूनच "ए वाघ्या!" अशी हाक मारायचा आणि प्रेम धावत जाऊन त्याच्या खांद्यावर चढायचा. पोराचे पाय त्याच्या छातीवर लाथा मारत तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचे. आता तो दारापासून चार हात लांब उभा राहायचा. केस ओले, गाळ्यावर आंघोळ करून आलेला, वर बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीत पुन्हा कपडे बदललेले. हात मागे बांधलेले. प्रेम धावला की तो मागे सरकायचा आणि म्हणायचा, "चल, चल, तू पुढे हो."

एका संध्याकाळी प्रेमने मला विचारलं, "काकू, बाबांनी माझ्याशी कट्टी घेतलीय?"

"नाही रे सोन्या."

"मग मला हात का लावत नाहीत? मला काय झालंय?"

"बाबा दमतात," मी म्हटलं. खोटं बोलायची सवयही किती पटकन लागते बघा.

शिवानी घरी पाणी आटवत असेल का, हा विचार यायचा. आला की मी त्याला हाकलायचे. नोकरी करणारी बाई, तिला कुठे दीड-दोन तास गॅसपाशी उभं राहायला वेळ, असं मी स्वतःला सांगायचे. विचारायला गेलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलंच नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी ती आली आणि दारातच बसली.

"काकू, हे उद्या जाणार."

"कुठे?"

"वर्तकनगरला. गाळ्यावरच्या एकाची खोली आहे. चौदा वर्षं हेच काम केलं, दुसरं काही येत नाही, सोडून करणार काय? म्हणतात, मी घरात नसलो तर प्रेमच्या अंगातलं कमी होईल. निम्मं होईपर्यंत येत नाही म्हणाले. तीन-चार वर्षं, काकू." ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "काल शर्ट भरत होते आणि एकेका शर्टाचा वास घेत होते. मला म्हणाले, माझ्याच हाताने मी पोराला विष चारलं."

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. माझं वाक्य होतं ते. तो ते माझ्याऐवजी बोलत होता.

रविवारी सकाळी नऊला मी जिना चढले. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत मी तिसरा मजला पाहिला नव्हता. दर पायरीवर वाटत होतं, आता परत फिरावं. सुदेशचं दार उघडंच होतं. हॉलमध्ये मोठी काळी बॅग, तोंड उघडं, आणि बॅगेतल्या कपड्यांवर प्रेम मांडी घालून बसलेला. उठायला तयार नाही. सुदेश त्याच्यासमोर उकिडवा बसून, हात मागे बांधून, त्याला समजावत होता, "ऊठ ना रे राजा. बाबाला उशीर होतोय. ऊठ ना."

"सुदेश," मी म्हटलं, "बॅग ठेव. ते तुझ्याकडून आलेलं नाही. माझ्याकडून आलंय."

त्याला काही कळलं नाही. मी सोफ्याला धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पातेलं, दोन खुणा, चार तांब्यांचा एक तांबा, पाच वर्षं रोज. क्षिप्रा काय म्हणाली ते. पाच मिनिटं म्हणून मी खोटं बोलले ते. "थोडंफार तुझ्या कामावरून आलंही असेल, ते तिला विचार. पण चौपट जे आहे ना, ते माझं आहे. तिला मी आजच फोन करते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे मी नाही?"

"नाही रे."

"म्हणजे मी त्याला घेऊ शकतो?"

"घे."

त्याने पोराला बॅगेतून असं उचललं की दोन शर्ट त्याच्याबरोबर वर आले. प्रेमच्या पोटात तोंड खुपसून तो माणूस मोठ्याने रडला. प्रेम आधी घाबरला, मग त्याने बापाचे केस दोन्ही मुठींत धरले आणि सोडेचना. आणि मग सुदेशने जे केलं ते मला आजही पचलेलं नाही. पोराला कडेवर घेऊन तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. "काकू, तुम्ही सांगितलंत," म्हणाला. "दुसरं कुणी सांगितलं नसतं."

अरे, मार मला, शिव्या घाल, असं मला ओरडायचं होतं. आणि तेवढ्यात मला पुन्हा ती बुडबुड ऐकू आली, तोच जाड, दबका आवाज. मला वाटलं, झालं, आता दिवसाढवळ्याही पाठ सोडत नाही.

पण शिवानीने मान वळवली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कधी येऊन उभी राहिली कुणास ठाऊक, आणि तिनेही तो ऐकला होता. आत गॅसवर तिचं पातेलं होतं. मी तिच्या मागोमाग गेले. तळाशी दोन बोटंच पाणी उरलं होतं. पातेल्याला आतून चाकूने केलेली एकच खूण होती, पावाची. निम्म्याची तिने केलीच नव्हती.

तिने गॅस बंद केला.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"क्षिप्रा आलेली त्या दिवशी."

"बुधवारी? त्या बुधवारी?" तिने बोटांवर मोजलं नाही, तिला मोजायची गरजच पडली नाही. "अकरा दिवस झाले, काकू. तुम्ही सांगितलंत म्हणून मी पहाटे पाचला उठत होते. कामावरून येऊन परत. एक वेळ चुकवली नाही. अकरा दिवस मी त्याला हे पाजलं आणि तुम्ही खाली बसून होतात."

सुदेश दारात आला होता. त्याने ऐकलं. प्रेमचं डोकं त्याने आपल्या खांद्यावर दाबून धरलं आणि माझ्यापासून दोन पावलं मागे झाला. इतके दिवस तो पोरापासून मागे सरकायचा, आता पोराला घेऊन माझ्यापासून सरकला.

पाणी आटवलं, ती चूक. चूक कुणाकडूनही होते आणि देव म्हणा, माणसं म्हणा, ती पोटात घालतात. त्या अकरा दिवसांना मी काय म्हणू? माझ्याकडे शब्द नाही, आणि मी शब्दांना कधी कमी पडलेली बाई नाही.

"हे आणखी कुणाकुणाला शिकवलंत?" शिवानीने विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हटलं. "जी जी आई आली तिला. माझ्याकडे वाढलेल्या पोरी आता आया झाल्या, त्यांनाही."

"लावा फोन. इथेच. माझ्यासमोर."

तिच्या ओट्याला टेकून मी पहिला फोन रसिकाला लावला. माझ्या अगदी पहिल्या पोरांतली ती, दोन वर्षांची असताना आलेली. आता चोवीसची, लग्न होऊन शहाडला असते आणि तिला आठ महिन्यांची मुलगी आहे. शहाडच्या पाण्यात काय आहे, काय नाही, मला माहीत नाही. तिचं पाणी कुणी तपासून बघितलेलं नाही. शिवानीने फोन माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"काकू! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ताच नाव काढलेलं!"

"रसिका, छोटीला पाणी कसं देतेस?"

"कसं म्हणजे? तुमच्यासारखंच, अर्धं आटवून. आणि एक गंमत सांगू? मी ते आमच्या टॉवरच्या ग्रुपवर टाकलेलं, 'मंदाकाकूंचं पाणी' म्हणून. सगळ्या जणी करायला लागल्यात. रोज कुणी ना कुणी भेटतं लिफ्टमध्ये, थँक यू म्हणतं. तुमचं नाव घेतात काकू इथे, दोनशे घरांत."